घर तात्यांचे, बंदूक भाडेकऱ्याची

(ही गोष्ट रचलेली आहे. तिच्यातला कायदा मात्र खरा आहे.)

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघाले, की महामार्गावर वडनेर भोलजी लागते. आजूबाजूच्या खेड्यांतली काही माणसे मुलांच्या शाळेसाठी इथे खोली घेऊन राहतात. असाच एक शेतकरी तात्यांच्या घरी भाड्याने आला. त्याचे शेत घाटाच्या पायथ्याशी, दुसऱ्या गावात. तिथे रानडुकरांचा आणि रोह्यांचा फार त्रास. म्हणून त्याच्यापाशी एक ठासणीची बंदूक होती. बंदूक बापाची. बाप वारल्यावर त्याने रीतसर अर्ज केला आणि परवाना आपल्या नावावर करून घेतला होता.

भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांची झाली. तिच्यात भाडे, वीजबिल, पाणी असे सारे लिहिले होते. बंदुकीचा शब्द कुठेच नव्हता. तात्यांनी विचारले नाही. भाडेकऱ्याने सांगितले नाही.

वीस दिवस बरे गेले. एकविसाव्या दिवशी तात्यांचा सहा वर्षांचा नातू खेळता खेळता भाडेकऱ्याच्या खोलीत शिरला. कोपऱ्यात बंदूक उभी होती. पोराने ती दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणात आणली. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी पाहिले आणि सूप हातातून खाली पडले. बंदूक भरलेली नव्हती, म्हणून निभावले.

संध्याकाळी भांडण पेटले. दोघेही गुरुजींच्या रात्रीच्या वर्गात आले. काकूही मागून आल्या.

तात्या म्हणाले, "गुरुजी, घर माह्यं हाये. माह्या घरात बंदूक नको. उद्याच्या उद्या खोली खाली करा म्हणून सांगा याले. नाही तं मी नळ बंद करतो."

भाडेकरी म्हणाला, "मी काय चोर हाव का? माह्यापाशी लायसन हाये. भाडं महिन्याच्या महिन्याले देतो. सरकारनं परवानगी देल्ली, मंग नाही म्हणणारे तात्या कोण?"

काकू म्हणाल्या, "लायसन लेकराले समजते का बावा? त्यानं घोडा ओढला असता तं? भरलेली असती तं?"

सारा वर्ग गप्प झाला. गुरुजींनी पाटी पुसली आणि म्हणाले, "आज पुस्तक बाजूला ठेवू. आज हाच धडा."

परवाना म्हणजे काय?

गुरुजी सांगू लागले.

"आपल्या देशात बंदूक बाळगणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. राज्यघटनेने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तोही शांततेने आणि शस्त्रांशिवाय. बंदूक ठेवायची तर सरकारचा परवाना लागतो. यासाठी १९५९ सालचा शस्त्र कायदा आहे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे नवे नियम २०१६ साली आले.

"त्याआधी इंग्रजांचा १८७८ सालचा कायदा होता. १८५७ चा उठाव इंग्रज विसरले नव्हते. त्या कायद्याने आपल्या लोकांना परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली. आजच्या कायद्यात असा भेद नाही. उलट त्यात एक चांगले कलम आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. म्हणजे स्वतःचे घर नाही, भाड्याने राहतो, म्हणून परवाना नाही, असे होत नाही."

भाडेकऱ्याचा चेहरा खुलला. "पाहा तात्या!"

"थांबा भाऊ," गुरुजी म्हणाले. "अर्धेच ऐकू नका. तुम्ही बाजारात बैल घेतला. पावती खिशात आहे. बैल तुमचा, यात वाद नाही. पण म्हणून तो दुसऱ्याच्या ओसरीवर बांधता येतो का?"

"नाही. त्याले विचारावं लागते."

"तसेच हे. परवाना ही तुमच्यात आणि सरकारमध्ये झालेली गोष्ट आहे. बंदूक ठेवली म्हणून सरकार तुम्हाला धरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरमालकाने ती घरात घेतलीच पाहिजे, असे परवान्यावर कुठे लिहिलेले नाही."

मग घरमालक मनाई करू शकतो का?

आता तात्यांचा चेहरा खुलला. गुरुजींनी पाटीवर तीन रेघा ओढल्या आणि लिहिले : आधी, मधे, नंतर.

"आधी म्हणजे खोली देण्यापूर्वी. त्या वेळी मालक स्पष्ट सांगू शकतो, 'माझ्या घरात बंदूक चालणार नाही.' ही अट भाडेचिठ्ठीत लिहिता येते. दोघांनी राजीखुशीने सही केली, की ती दोघांवर बंधनकारक. अट मोडली तर खोली परत घेता येईल, असेही लिहून ठेवता येते. ज्याला ही अट नको, त्याने दुसरी खोली पाहावी.

"मधे म्हणजे करार चालू असताना. तात्या, इथे तुमचे चुकते. भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांची आहे. तिच्यात बंदुकीची मनाई नाही. भाऊ भाडे वेळेवर देतात. मग एकट्याने नवी अट घालता येत नाही. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात लिहिले आहे, की भाडेकरी भाडे देतो आणि करार पाळतो, तोवर त्याला मुदत संपेपर्यंत बिनत्रास राहता आले पाहिजे. नवी अट घालायची तर दोघांची संमती हवी.

"नंतर म्हणजे मुदत संपल्यावर. पुन्हा चिठ्ठी करायची की नाही, कोणत्या अटींवर करायची, हे तेव्हा दोघांनी बोलून ठरवावे."

वर्गातल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, चिठ्ठीच नसली तं? आमचं तं तोंडी हाये."

"तोंडी आणि महिन्याच्या भाड्याचे असेल, तर त्याच १८८२ च्या कायद्याप्रमाणे दोघांपैकी कोणीही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. पण लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९९९ सालचा भाडे नियंत्रण कायदाही आहे. तो त्याच्या यादीतल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. तिथे भाडेकऱ्याला जास्त संरक्षण आहे. तिथे करार लेखी करावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. शेजाऱ्यांना उपद्रव दिला, तर तिथेही मालकाला न्यायालयात जागा परत मागता येते. आपल्या जागेला कोणता कायदा लागतो, हे वकिलाला किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे फुकट मदत मिळते."

"आणि नळ?" भाडेकऱ्याने विचारले.

"नळ तोडणे, वीज तोडणे, सामान रस्त्यावर फेकणे हा रस्ता चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याने तर पाणी आणि वीज तोडायला मनाईच केली आहे. नोटीस दिल्यावरही भाडेकरी हलला नाही, तर न्यायालयात जावे लागते. मालकाने जबरदस्तीने बाहेर काढले, तर १९६३ सालच्या एका कायद्याने भाडेकऱ्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो."

तात्यांनी खाली पाहिले. "रागात बोललो गुरुजी. नळ काही मी तोडणार नव्हतो."

तात्यांची युक्ती

थोडा वेळ थांबून तात्या म्हणाले, "मंग असं करतो. बंदूक मी माह्या कपाटात ठेवतो. कुलूप लावतो. चाबी माह्यापाशी. झालं?"

"अजिबात नको!" गुरुजी म्हणाले. "परवाना भाऊंच्या नावावर आहे, तुमच्या नावावर नाही. तुम्ही बंदूक आपल्या ताब्यात ठेवली, तर ती बिनपरवाना शस्त्र बाळगल्यासारखी होईल. २०१९ साली कायदा कडक झाला. बिनपरवाना बंदूक सापडली, तर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद होऊ शकते. दंड वेगळा."

"म्हंजे बंदूक त्याची अन् जेल मले?"

सारे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत.

"हसण्यावारी नेऊ नका. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या खटल्यात सिनेमातला नट संजय दत्त याच्यावर बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा शाबीत झाला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. त्याने येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि २०१६ साली तो सुटला. ते शस्त्र नाहीसे करण्याच्या प्रकरणात त्याच्या ओळखीच्या माणसांवरही गुन्हा शाबीत झाला. दुसऱ्याचे शस्त्र सांभाळायला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

"याच कायद्यात एक कलम खास एकत्र राहणाऱ्यांसाठी आहे. समजा, एकाच घरात किंवा एकाच खोलीत अनेकांचा ताबा आहे आणि तिथे बेकायदा शस्त्र सापडले. मग ज्याला ते ठाऊक होते असे मानायला कारण आहे, त्या प्रत्येकाला जबाबदार धरता येते. आपण निर्दोष आहोत, हे त्याला दाखवावे लागते. म्हणून घरमालकाने भाडेकऱ्याला परवाना दाखवायला सांगणे यात अपमान नाही. ते शहाणपण आहे."

भाडेकऱ्याने खिशातून परवान्याची प्रत काढली. गुरुजींनी ती वर्गाला दाखवली. नाव कुठे आहे, पत्ता कुठे आहे, बंदुकीचा नंबर कुठे आहे, मुदत कधी संपते, हे एकेकाला वाचायला लावले. काकूंनी बोट ठेवून मुदतीची तारीख वाचली. महिनाभरापूर्वी त्यांना आकडे येत नव्हते.

वाचता वाचता काकू थांबल्या. "गुरुजी, पत्ता जुनाच हाये. आपल्या गावाचं नाव नाही."

"शाबास काकू! भाऊ, हे तुमच्या कामाचे आहे. परवानाधारकाने कायमचे राहते ठिकाण बदलले आणि बंदूक सोबत नेली, तर तीस दिवसांच्या आत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवावे लागते. तुम्ही येऊन किती दिवस झाले?"

"आज एकवीस."

"म्हणजे नऊ दिवस उरले. उद्याच बुलढाण्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी कळवा. पोच घ्या. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातही सांगा."

बंदूक कशी ठेवावी?

"आता काकूंचे म्हणणे," गुरुजी म्हणाले. "तेच सगळ्यांत मोठे आहे. करारात मनाई नाही, म्हणून बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवावी, असे नाही. सुरक्षित ठेवणे हे परवानाधारकाचे काम आहे. २०१६ च्या नियमांत तसे सांगितले आहे. त्यात ढिलाई केली, तर परवाना जाऊ शकतो. भाऊ, तुमचे चुकले ते इथे."

भाडेकऱ्याने मान खाली घातली. "चुकलंच. माह्या गावात घर एकटं होतं. इथं लेकरं हायेत, हे डोक्यात नाही आलं."

गुरुजींनी पाटीवर लिहिले :

१. बंदूक घरात कधीही भरलेली ठेवू नये. ठासणीची बंदूक एकदा भरली, की रिकामी करणे अवघड. म्हणून ती शेतातच भरावी.

२. बंदूक लोखंडी पेटीत किंवा कपाटात कुलपात ठेवावी. किल्ली परवानाधारकापाशीच असावी.

३. दारू, छर्रे आणि टोप्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. चुलीपासून आणि दिव्यापासून दूर ठेवाव्यात.

४. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने बार काढू नये. त्याने माणसांच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

५. निवडणुकीच्या वेळी किंवा परवान्याची मुदत संपल्यावर शस्त्र जमा करायला सांगितले, तर ते जमा करून पावती घ्यावी.

"आणि एक," गुरुजी म्हणाले. "बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते."

एका शेतकऱ्याने भीत भीत विचारले, "गुरुजी, घरात कुऱ्हाड हाये, विळा हाये. त्याचंही लायसन काढा लागते का?"

"नाही. फक्त घरकामासाठी आणि शेतीसाठी केलेल्या वस्तूंना हा कायदा शस्त्र म्हणत नाही. साधी काठी, लाठी यांनाही नाही. पण त्याच वस्तूने कोणाला धमकावले, तर तो वेगळा गुन्हा होतो."

दुसऱ्या देशात काय आहे?

वर्गातला एक तरुण म्हणाला, "गुरुजी, अमेरिकेत म्हणे घरोघरी बंदुका असतात."

"तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या राज्यघटनेत १७९१ साली शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःच्या रक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे या हक्कात येते. पण हा हक्क सरकारला अडवतो. खासगी घरमालकाला अडवायचे, तर वेगळा कायदा लागतो. मिनेसोटा नावाच्या राज्यात तसा कायदा आहे. तिथे घरमालक भाडेकऱ्याला कायदेशीर बंदूक ठेवायला मनाई करू शकत नाही. असा कायदा सगळ्या राज्यांत नाही. जिथे नाही, तिथे करारात काय लिहिले ते पाहतात. म्हणजे बंदुकीचा हक्क असलेल्या देशातही हा प्रश्न शेवटी कागदाजवळच येतो. आपल्याकडे तर तो हक्कच नाही. म्हणून आपला करार नीट लिहावा, हे उत्तम."

शेवट काय झाला?

रात्री उशिरा तिघे घरी गेले. दुसऱ्या दिवशी भाडेकऱ्याने दोन कामे केली. बुलढाण्याला जाऊन अर्ज दिला आणि पोच घेतली. येताना मलकापुरातून लोखंडी पेटी आणली. ती मागच्या खोलीत भिंतीला पक्की बसवली.

मग ओट्यावर बसून दोघांनी भाडेचिठ्ठीला एक पुरवणी जोडली. तिच्यात लिहिले : बंदूक पेटीत कुलपात राहील. दारू वेगळी राहील. घरात बंदूक भरली जाणार नाही. शेतावर नेताना लेकरे अंगणात असली, तर आधी आवाज दिला जाईल. परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला जाईल. यातले काही मोडले, तर तात्यांना करार संपवून खोली परत मागता येईल. अकरा महिन्यांनंतर पुढे काय, हे दोघे पुन्हा ठरवतील.

भाडेकऱ्याने सही केली. तात्यांनी सही केली. साक्षीदाराची जागा रिकामी होती.

तात्या म्हणाले, "गुरुजींना बोलावतो."

"काहून?" काकू म्हणाल्या. "मी हाओ ना. लेकराच्या हातात बंदूक मी पाहिली. साक्ष माह्यीच पाहिजे."

आजवर काकू कागदावर अंगठा लावत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी लेखणी घेतली. आधी सारा कागद वाचला. एक शब्द अडला, तो विचारून घेतला. मग सावकाश एकेक अक्षर काढून आपले नाव लिहिले.

लक्षात ठेवा

बंदूक ठेवायला सरकारचा परवाना लागतो. परवाना असला, तरी दुसऱ्याच्या घरात ती ठेवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

घरमालक खोली देण्याआधी मनाईची अट घालू शकतो. करार चालू असताना एकट्याने नवी अट घालू शकत नाही.

दुसऱ्याची बंदूक आपल्या ताब्यात घेऊ नये. भाडेकरी सोडून गेला किंवा वारला आणि खोलीत शस्त्र सापडले, तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

बेकायदा शस्त्राची माहिती असेल, तर ती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. कायदा तसे सांगतो.

पाणी, वीज तोडून किंवा जबरदस्तीने भाडेकऱ्याला काढू नये.

वाचल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न

१. तात्यांची कोणती गोष्ट बरोबर होती? कोणती चूक होती?

२. भाडेकऱ्याने कोणत्या दोन चुका केल्या?

३. तात्यांनी बंदूक आपल्या कपाटात ठेवली असती, तर काय झाले असते?

४. तुमच्या घरी भाडेचिठ्ठी आहे का? ती वाचा. तिच्यातल्या अटी मोजा आणि वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

भाडेचिठ्ठी – भाड्याच्या कराराचा कागद
परवाना – सरकारची लेखी परवानगी, लायसन
ठासणीची बंदूक – तोंडाकडून दारू भरून ठासतात ती बंदूक
बंधनकारक – जे पाळावेच लागते ते
पोच – कागद मिळाल्याची सही-शिक्क्याची खूण
नूतनीकरण – मुदत वाढवून घेणे
पुरवणी – मूळ कागदाला जोडलेला जादा मजकूर